न केलेली वजाबाकी

वसईच्या किल्ल्याला लागून, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलाला किनाऱ्यावर उभे करून विचारा, "पाणी कसं आहे?" तो आकडा सांगणार नाही. पाणी चढते आहे की उतरते आहे, ते सांगेल. होडी बाहेर काढायची तर तेच कळायला हवे. आणि ते कळण्यासाठी पाण्याची रेघ एकदा पाहून चालत नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाहावी लागते. शिवाय भरतीचा वेग सारखा नसतो. सुमारे सहा तासांत पाणी आधी सावकाश चढते, मधल्या दोन तासांत झपाट्याने, आणि शेवटी पुन्हा सावकाश.

आता शाळेकडे वळू. शाळेत वर्षातून दोनदा मुलांची उंची व वजन मोजतात. आकडे प्रगतिपुस्तकात जातात आणि तिथेच राहतात. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करायचे कोणाला सुचत नाही. मुलग्यांच्या शाळांतील आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर माझा मुख्य आक्षेप आहे तो या न केलेल्या वजाबाकीबद्दल.

कार्यक्रम टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. त्यामागे मोठी परंपरा आहे. १९३७ साली मुंबई सरकारने स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली. पुढच्याच वर्षी कांदिवलीला, म्हणजे वसईच्याच रेल्वेमार्गावर, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होऊ लागली. २०१९ पासून 'फिट इंडिया' मोहिमेतून धावणे, जोर, लवचिकता यांच्या चाचण्या शाळांत आल्या. मोजमापांची वाण नाही. चूक होते ती मोजलेले वाचण्यात.

वाढीचा वेग म्हणजे काय, हे एका बापाच्या चिकाटीमुळे कळले. फ्रान्समधील मोंबेयार या गृहस्थाने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली, ती थेट १७७७ पर्यंत. निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ याने ते आकडे प्रसिद्ध केले. नुसत्या उंचीचा आलेख काढला तर रेघ वर चढत गेलेली दिसते. पण दर वर्षी उंची किती वाढली, याचा आलेख काढला की चित्र पालटते. लहानपणी वेग उतरत जातो आणि किशोरवयात तो अचानक उसळतो.

साधारणपणे वयात येण्याआधी मुलगा वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढतो. उसळीच्या काळात हाच वेग ८ ते १० सेंटिमीटरपर्यंत जातो. मुलग्यांत ही उसळी सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास शिखरावर असते. पण कोणाची बाराव्या वर्षी, तर कोणाची सोळाव्या वर्षी. ताकदीची उसळी उंचीच्या मागून येते. त्यामुळे मधल्या काही महिन्यांत हातपाय लांब झालेले असतात, पण स्नायू मागे असतात. अशा मुलाच्या हातून चेंडू सुटतो, तो अडखळतो, आणि मैदानावर 'वेंधळा' ठरतो.

म्हणजे आठवीच्या एकाच बाकावर बसलेल्या तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शरीरांत तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. एकाची भरती मध्यावर आहे, दुसऱ्याची अजून सुरू व्हायची आहे. आपण मात्र दोघांना ६०० मीटर पळवतो, जोर काढायला लावतो आणि एकाच यादीत क्रमांक देतो. अशी यादी बऱ्याच अंशी कोण आधी वयात आले, एवढेच सांगते.

शालेय स्पर्धांत ही गफलत पक्की होते. चौदा वर्षांखालील गट ठरवताना १ जानेवारी ही सीमा असते. त्या वर्षीच्या जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेली मुले एकाच गटात येतात. १९८५ साली रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तिथेही सीमा १ जानेवारीचीच होती. वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी अधिक निघाले. निवडणाऱ्यांना वाटत होते की आपण गुण हेरतो आहोत. इंग्लंडमधील काही फुटबॉल संस्थांनी त्यावर उपाय म्हणून वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले.

आपल्याकडे संघातून गळण्याची किंमत नुसत्या पदकाची नसते. वरच्या पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. उशिरा वाढणारा मुलगा बहुधा पुढे इतरांच्या बरोबरीला येतो. मात्र तोवर 'खेळ आपल्यासाठी नाही' हे त्याने मनाशी ठरवलेले असते.

दुसरी चूक बीएमआयची. प्रौढांसाठी १८.५ च्या खाली म्हणजे कृश, हा नियम काही ठिकाणी मुलांनाही लावला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात बारा वर्षांच्या मुलग्याचा मध्य १७.५ च्या आसपास आहे. म्हणजे अगदी मधोमध असलेला निरोगी मुलगाही आपण कृशांत टाकू. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वयासाठी आपल्या मुलांचे तक्ते दिले आहेत. ते वापरावेत.

कोणी म्हणेल, साठ मुलांचा वर्ग, आठवड्याला दोन तास. हे करायचे कधी? मनगटाचे एक्स-रे काढा असे मी म्हणत नाही. भिंतीवर एक मोजपट्टी चिकटवावी. मूल अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभे राहील; डोक्यावर काटकोनात पुस्तक ठेवावे. दोन्ही वेळा सकाळीच मोजावे, कारण संध्याकाळपर्यंत उंची जवळजवळ सेंटिमीटरभर कमी भरते. सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. वजाबाकी आणि आलेख मुलांनीच गणिताच्या तासाला करावा. वजन मात्र वर्गात मोठ्याने वाचू नये.

या आलेखाचा आरोग्यासाठीही उपयोग आहे. वर्षभरात ४ सेंटिमीटरसुद्धा न वाढलेला लहान मुलगा, किंवा चौदा पुरी होऊनही वयात येण्याची खूण नसलेला मुलगा, डॉक्टरांना दाखवायला हवा. बहुतेक वेळा 'थोडा उशीर आहे' एवढेच निघते. पण कधीकधी आजार निघतो, आणि तो आपल्या वहीत आकड्यांच्या रूपाने आधीच लिहिलेला असतो.

क्रीडाशिक्षकांनी आणखी एक करावे. क्रमांकाच्या यादीऐवजी, प्रत्येक मुलगा सहा महिन्यांपूर्वीच्या स्वतःपेक्षा किती पुढे गेला, ते लिहावे. ओहोटीला रेती उघडी पडली म्हणून पाचूबंदरचा कोळी 'इथे पाणी नाही' असे म्हणत नाही. तो घटकाभर थांबतो आणि पुन्हा पाहतो. आपल्या मुलांच्या बाबतीत निदान तेवढे तरी आपण करावे.