नकाशावरची उतार नसलेली नदी

पाळीपाळीने चाल करून नगरे वसवायची आणि हजारो वर्षांचा इतिहास घडवायचा, असा ‘सिव्हिलायझेशन’ हा संगणकावरील खेळ सिड मायर व ब्रूस शेली यांनी १९९१ साली आणला. त्याची २०१६ सालची सहावी आवृत्ती वरच्या वर्गातील बरीच मुले आवडीने खेळतात. या खेळातून भूगोल किती शिकता येतो, हे आपण पाहू.

या आवृत्तीत सारी जमीन षट्कोनांत विभागलेली आहे. जुन्या चौरसांत कोपऱ्यावरचा शेजारी बाजूच्या शेजाऱ्यापेक्षा सुमारे १.४ पट दूर पडे; षट्कोनाचे सहाही शेजारी समान अंतरावर असतात. नगराभोवतीच्या तीन कड्यांत ६, १२ व १८ मिळून ३६ षट्कोन येतात. नगराचे विभाग यांतच बसवायचे. एका षट्कोनात विद्यापीठ उभारले की तिथले शेत गेले. जमीन एकच आणि तिच्यावर हक्क सांगणारी कामे अनेक, ही अडचण खेळाने नेमकी पकडली आहे. त्यातले हे सर्वांत चांगले अंग, असे आम्हांस वाटते.

पाण्याचेही तसेच. नदीकाठच्या नगराला आरंभी वस्तीचे ५ गुण, समुद्रकाठच्याला ३ आणि कोरड्या जागी २. जलसेतू बांधायचा तर एका बाजूला नगर आणि दुसऱ्या बाजूला नदी, सरोवर, मरूद्यान किंवा डोंगर हवा. हे रोमन अभियंत्यांनाही पटले असते!

पण विद्यापीठाला लागून असलेल्या प्रत्येक डोंगरामागे विज्ञानाचा एक गुण का मिळावा? वेधशाळेपुरते आपण मान्य करू. एरवी अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय समुद्रकाठी होते आणि बगदादचे विद्वान तैग्रिसच्या तीरावर. ग्रंथ, माणसे आणि आश्रयदाते जिथे एकत्र येतात तिथे विद्या वाढते. खेळाने तिचे मोल डोंगर मोजून ठरवले, आणि विद्यार्थी हा नियम कार्यकारणभाव समजून पाठ करतो.

आमचा मुख्य आक्षेप मात्र नदीबद्दल आहे. ती दोन षट्कोनांच्या सीमेवरून वाहते. तिला रुंदी नाही. २०१९ च्या पुरवणीत पूर, गाळ आणि धरणे आली, हे स्वागतार्हच. तरीही वरच्या नगराने कितीही पाणी घेतले तरी खालच्या नगराचा एक गुणही घटत नाही. प्रत्यक्षात सुमारे ४५०० वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात लगाश आणि उम्मा ही शेजारी नगरे सीमेवरची शेते व कालव्यांचे पाणी यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या लढली. १९७० साली पूर्ण झालेल्या अस्वानच्या उंच धरणाने नाईलचा पूर आवरला, पण शेतांवर येणारा गाळही अडवला. मग शेतकऱ्याला खते विकत घ्यावी लागली. २०२५ च्या सातव्या आवृत्तीत मोठ्या नद्यांना स्वतःचे षट्कोन मिळाले, त्यांतून जहाजेही जातात. पाण्याची वाटणी मात्र तिथेही नाही.

वर्गात हे तपासणे सोपे आहे. खेळातला एखादा नकाशा कागदावर उतरवून घ्यावा, नदीवर प्रवाहाचे बाण काढावेत, तिला १०० घागरी पाणी द्यावे आणि प्रत्येक नगराने उचललेले पाणी क्रमाने वजा करीत जावे. मग शेवटच्या नगराची जागा मुलांना पुन्हा निवडायला सांगावी.