स्मृतिभ्रंश आणि आठ आठवडे

अमेरिकेतील काही विद्यापीठांत उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना, आणि क्वचित शाळाशिक्षकांनाही, स्मृतिभ्रंशावरील संशोधनात सामील करून घेतले जाते. आठ-दहा आठवडे प्रयोगशाळेत काम करायचे आणि शेवटी निष्कर्षांचे भित्तिपत्रक मांडायचे, असे साधारण स्वरूप असते. स्वतःच्या हातांनी विज्ञान करायला मिळते, ही मोठीच जमेची बाजू. पण या आजाराचे विज्ञान एवढ्या मुदतीत कितपत मावते, हे आपण तपासायला हवे.

थोड्या आठवड्यांत उत्तर हवे, म्हणून प्रश्नही तेवढाच घ्यावा लागतो. हाती येतात बहुधा पेशी किंवा उंदीर. उंदरांना अल्झायमर आपोआप होत नाही. माणसाचे सदोष जनुक घालून त्यांच्या मेंदूत अमायलॉइड प्रथिनाचे साठे तयार करावे लागतात. असा उंदीर १९९५ साली जाहीर झाला. पुढे उंदरांना गुण देणारी कितीतरी औषधे माणसांत निरुपयोगी ठरली. भित्तिपत्रकात हे यायला हवे.

याच्या शेजारी डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली सुरू केलेला ख्रिस्ती नन्सचा अभ्यास ठेवून पाहू. पुढे त्यात ६७८ नन्स सहभागी झाल्या. त्यांतल्या बहुतेक शिक्षिका होत्या. मृत्यूनंतर मेंदू तपासू देण्यास त्यांनी संमती दिली. ९३ जणींनी सरासरी बाविसाव्या वर्षी लिहिलेली आत्मवृत्ते तपासली, तेव्हा ज्यांच्या वाक्यांत कल्पनांची दाटी कमी होती त्यांची बुद्धी उतारवयात अधिक क्षीण झालेली आढळली. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. मग तोकडे लेखन हे आजाराचे कारण, की कित्येक दशके आधी लागलेली त्याची चाहूल? एवढ्यावरून ते ठरत नाही. शिवाय सिस्टर मेरी १०१व्या वर्षी वारल्या, तेव्हा त्यांच्या मेंदूत आजाराच्या खुणा भरपूर होत्या. तरी शेवटच्या चाचण्यांत त्यांची बुद्धी शाबूत होती. हा पेच वर्गात मांडायला कोणतेही उपकरण लागत नाही.

आपल्याकडेही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीवर विद्यार्थी आणि शिक्षक प्रयोगशाळांत जात आले आहेत. अशा प्रत्येक कामाच्या शेवटी 'यावरून काय सिद्ध होत नाही' असा एक रकाना सक्तीचा असावा, असे आम्हाला वाटते. कारण परतलेल्या शिक्षकाला वर्गातली एखादी मुलगी विचारणारच: उंदराला लागू पडलेले औषध माझ्या आजीला लागू पडेल का? तिला खरे उत्तर देता आले पाहिजे.