गंगथडीची गाणी आणि त्यांचे संग्राहक

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत गोदावरीला सहसा गोदावरी म्हणत नाहीत, ती ‘गंगा’. तिच्या दोन्ही अंगांचा काळ्या मातीचा पट्टा म्हणजे ‘गंगथडी’. बीड जिल्ह्याची उत्तरेकडील शीव याच गंगेने आखलेली आहे. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन व पांचाळेश्वर, माजलगाव तालुक्यातील मंजरथ व पुरुषोत्तमपुरी ही सारी तिच्या काठची ठिकाणे. बालाघाटाच्या डोंगरातून निघालेली सिंदफणा मंजरथाजवळ तिला येऊन मिळते. या काठांवर साती आसरांना हिरवा चुडा व नारळ वाहिला जातो, गंगेची ओटी भरली जाते, कावडी निघतात, गोंधळ घातले जातात; आणि जात्याची घरघर होती तोवर पहाटेच्या अंधारात ओव्याही गाइल्या जात.

हे सारे टिपून ठेवण्याचे प्रयत्न आपल्याकडे पुष्कळ झाले. त्यांचे कौतुकही झाले. परंतु कौतुक म्हणजे परीक्षण नव्हे. नदीकाठचे लोकजीवन टिपले, असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय टिपलेले असते आणि काय निसटलेले असते, हा प्रश्न टीकाकाराने विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर गंगथडीतच सापडते. पुरुषोत्तमपुरीला यादव राजा रामचंद्र याचा इ. स. १३१० चा ताम्रपट मिळाला. त्यात राजाची वंशावळ आहे, पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याचा गौरव आहे, दानाचा तपशील आहे. राजाने आपले नाव तांब्यावर कोरून ठेवले. त्याच काठावर दळणाऱ्या बाईचे नाव कोणी भूर्जपत्रावरही लिहिले नाही. मात्र त्या आधीच, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले होते. चक्रधरांचा वावर गंगातीरी पैठणापासून पांचाळेश्वरापर्यंत होता. त्यांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या, त्या माणसांना गाठून, विचारून म्हाइंभटाने त्या जमविल्या. पुढे पाठभेद निर्माण झाले, तेव्हा महानुभावांनी ते पुसून एकसारखे केले नाहीत. कोणता पाठ कोणाचा, हे नावानिशी नोंदले. डॉ. वि. भि. कोलते यांची १९७८ सालची आवृत्ती चाळली, तरी ही शिस्त ध्यानात येते. ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याचे ऋण नावासह मान्य करावे, हा संग्राहकाचा पहिला धर्म आपल्या भाषेत असा सातशे वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे.

आधुनिक काळात या धर्माचे पालन किती झाले? साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, तेव्हा सुशिक्षित मराठी वाचकाला आपल्याच आजीच्या ओठांवरचे वाङ्मय प्रथमच वाङ्मय म्हणून दिसले. हे उपकार थोर आहेत. परंतु तेथे ओव्या नात्यागोत्यांच्या व विषयांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. गाणारीचे नाव नाही. सारी ओवी जणू एकाच महाराष्ट्रमाउलीच्या तोंडची. ती माउली सोशिक, भाविक, भावाची वाट पाहणारी. तिला जात नाही, गावकूस नाही. दुर्गाबाई भागवतांनी ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ (१९५६) लिहून या अभ्यासाला शास्त्राची बैठक दिली, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे संग्रहांची रास उभी केली. तरीही ‘लोक’ हा शब्द बऱ्याच अंशी निनावीच राहिला.

हे चित्र पालटले ते गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या कामामुळे. पॉइत्व्हँ जन्माने फ्रेंच; १९७२ पासून पुण्यात स्थायिक झालेले. मुळशी-मावळच्या डोंगरांतील स्त्रियांच्या साहाय्याने सुरू झालेले हे काम पुढे हजाराहून अधिक गावांत पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. प्रत्येक ओवीशी गाणारीचे नाव, गाव व तालुका नोंदलेला आहे. पॉइत्व्हँ २००४ साली व राईरकर २०१० साली निवर्तल्या. २०१७ पासून हे भांडार ‘पारी’ या संग्रहाच्या द्वारे लोकांसमोर येऊ लागले.

या कामात बीड जिल्ह्याचा वाटा विशेष मोलाचा आहे. १९९६ साली हे संग्राहक, ध्वनिमुद्रण करणारे बर्नार बेल यांच्यासह, माजलगावच्या भीमनगरात पोचले. सिंदफणेच्या काठचे हे गाव. भीमनगरातील बायांनी जी ओवी गाइली, तिने आपली सारी गृहीते हलविली. चाल तीच, जाते तेच, ‘बाई ग’ तेच. परंतु विठोबाच्या जागी भीमराव! बाबासाहेब येथे कधी भाऊ आहेत, कधी घरी येणारा थोर पाहुणा. रमाबाई आहेत, बुद्ध आहे, १९५६ च्या धर्मांतराचा अभिमान आहे. ओवी म्हणजे जुन्या श्रद्धेचे पेव, ते उघडावे आणि जुने धान्य काढावे, अशी ज्यांची समजूत होती, त्यांना या बायांनी दाखवून दिले की ओवी हे जिवंत शेत आहे. त्यात नवे बी पेरता येते आणि उगवतेही. रचना परंपरेची, आशय बंडाचा. मराठी समीक्षेने दलित साहित्याचा इतिहास लिहिताना या निरक्षर कवयित्रींना पहिल्या ओळीत बसवावयास हवे होते. अजूनही वेळ गेलेली नाही.

इतके श्रेय दिल्यावर उणीवही सांगितली पाहिजे. हा संग्रहही अखेर विषयवारीनेच लावलेला आहे. एकीच बाई एका बैठकीत विठोबा गाते, भाऊ गाते, लेकीचे सासर गाते आणि भीमही गाते. तिच्या मनात या साऱ्यांची जी सरमिसळ असते, तीच तर तिची कविता! विषयांचे कप्पे केले की ती बैठक मोडते. दुसरे असे की, छापलेली ओवी दोन ओळींची दिसते. गाताना एकीने चरण उचलावा, दुसरीने ओढावा, अर्धी ओळ पुन्हा घोळावी, मध्ये ‘ग बाई’ची टेक द्यावी. या साऱ्यासाठी ध्वनिमुद्रणाकडेच जावे लागते. ते आहे, हे आपले भाग्य. आणि तिसरे, जात्याने बाईचा आवाज दिला. नदीवर जगणाऱ्या भोई-कोळ्यांच्या नावेचा, जाळ्याचा आवाज त्यात फारसा येत नाही.

ही बाजू अंशतः भरून काढली ती ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी. महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थांवरील त्यांचा ग्रंथ १९९५ साली आला. संस्कृत-मराठी माहात्म्ये आणि काठावरच्या बायाबापड्यांचे बोलणे त्यांनी एकाच पंक्तीला बसविले, आणि नदी आपल्याकडे वैराग्यापेक्षा सुवासिनीपणाची, लेकुरवाळेपणाची देवता आहे, हे साधार दाखविले. मात्र नदी सगळ्यांना सारखी नव्हती. पाणवठ्यांनाही जात होती. फेल्डहाउस यांच्या नदीशेजारी भीमनगरची ओवी ठेवून वाचावी, म्हणजे चित्र पुरे होते.

आता नदीही ती राहिलेली नाही. १९७६ साली पैठणला जायकवाडी धरण झाले. माजलगावला सिंदफणा अडविली गेली. दळण गिरणीत गेले. जाते लग्नाच्या हळदीपुरते उरले. आणि आपण फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळतो, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो जोडपी मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. नाव माणसाचे नाही, हत्याराचे! पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत संसार. त्या कोपीत पहाटे तीनला उठणारी बाई काय गुणगुणते, की गुणगुणतच नाही, हे पुढच्या संग्राहकाने जाऊन ऐकले पाहिजे. नदीकाठचे लोक नदीकाठी राहिले नसतील, तर संग्राहकानेही काठावर बसून राहू नये.

लोकसाहित्याचा संग्रह किती जाडजूड आहे, यावरून त्याची किंमत ठरत नाही. तो उघडल्यावर गाणाऱ्या बाईला आपले नाव, आपले गाव आणि आपला स्वर त्यात सापडतो की नाही, ही खरी कसोटी. माजलगावच्या ओव्या तिला उतरतात. म्हणून यंदाच्या दिवाळीत घरातल्या थोरल्या बाईला दोन ओव्या म्हणायला लावा, घरातल्या पोराला त्या उतरून घ्यायला सांगा. आणि खाली तिचे पुरे नाव लिहायला विसरू नका.