पटावर न मांडलेली माणसे

'पानिपतावर आपण जिंकलो असतो तर...' हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे जुने मराठी घर ग्वाल्हेर-इंदूरकडे शोधूनही सापडणे कठीण. म्हणूनच इतिहासातील 'जर-तर'वर उभारलेला एखादा खेळ समोर आला, तर त्याकडे निव्वळ मुलांची करमणूक म्हणून पाहणे आपल्याला शोभणार नाही. 'डस्ट टॅक्टिक्स' हा असाच एक खेळ. पाओलो पॅरेंते या इटालियन चित्रकाराच्या कल्पनाविश्वावर आधारलेला हा दोघांचा युद्धपट फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने २०१० मध्ये प्रथम बाजारात आणला.

खेळातील काळ १९४७ चा आहे आणि दुसरे महायुद्ध अद्याप संपलेले नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात जर्मनांना परग्रहावरील यान सापडले, त्यातील विद्येने युद्धाचे रूप पालटले आणि रणगाड्यांना पाय फुटले, अशी ही कथा. या कल्पनेला सत्याचा किंचित आधार आहे. १९३८-३९ मध्ये 'श्वाबेनलांड' जहाजातून एक जर्मन मोहीम खरोखरच अंटार्क्टिकाला गेली होती. बाकी सारी कल्पकता.

खेळ म्हणून तो बांधेसूद आहे. पट चौकोनी घरांचा. एकाने एक तुकडी हलवावी, मग दुसऱ्याने, असा क्रम असल्याने कोणालाही हात बांधून बसावे लागत नाही. तुकडीला आपल्या पाळीत दोन कृती मिळतात. चालून जाऊन मारा करावा, की जागीच उभे राहून दोन्ही कृती माऱ्यासाठी खर्चाव्यात आणि वाया गेलेले फासे पुन्हा टाकावेत, हा पेच प्रत्येक डावात नव्याने पडतो. फाशाच्या सहा बाजूंपैकी दोनच फळतात. उत्तम योजना आखूनही दान उलटे पडू शकते. युद्धात बुद्धी आणि दैव यांचे प्रमाण काय असते, हे या साध्या गणिताने फार नेमके दाखवले आहे.

आमचा आक्षेप आहे तो कथेवर. या विश्वात हिटलरला त्याच्याच अधिकाऱ्यांनी दूर केले आहे. प्रत्यक्षात २० जुलै १९४४ रोजी श्टाउफेनबर्गचा प्रयत्न फसला होता. खेळात असा कट यशस्वी होतो आणि जर्मन बाजू जणू धुऊन स्वच्छ होते. खेळाडूने संकोच न बाळगता ती घ्यावी, ही सोय त्यामागे स्पष्ट दिसते. परंतु पाप एकट्या हिटलरचे होते काय? सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्हजवळ बाबी यार येथे दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंची हत्या झाली. गोळ्या एसएस आणि पोलिसांच्या पथकांनी झाडल्या, तरी त्या योजनेत लष्कराचाही हात होता. जर्मन सैन्याचे हे गुन्हे मांडणारे प्रदर्शन १९९५ मध्ये हॅम्बुर्गला भरले, तेव्हा खुद्द जर्मनीत केवढा वादंग माजला! खेळाच्या पटावर मात्र सैनिक आहेत, यंत्रे आहेत, भिंती आहेत; त्या भिंतींआड राहणारी माणसे नाहीत.

येथे जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेची आठवण होते. विश्वासरावांना लागलेली गोळी नेम चुकून निसटली असती तर, एवढाच त्यांचा बदल. पण त्या एका बदलातून पुढचा इतिहास कार्यकारणाने उलगडत जातो आणि गंगाधरपंतांच्या हाती बखरीचे फाटके पान पुरावा म्हणून उरते. कल्पनेनेही हिशेब द्यावा, हा शास्त्रज्ञाचा आग्रह तेथे आहे. 'डस्ट'मध्ये बदल आहेत, त्यांचा हिशेब नाही.

तथापि बोट केवळ परक्यांकडे दाखवून चालणार नाही. १४ जानेवारी १७६१ चा डाव आपण मनातल्या मनात पुन्हा मांडतो, तेव्हा भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी, मल्हारराव, महादजी यांची जागा ठरवतो. सैन्यासोबत निघालेल्या यात्रेकरूंची, स्त्रियांची, व्यापाऱ्यांची आणि चाकरांची जागा कोठे असते? लढाईनंतर त्यांच्यातील असंख्य कापले गेले, असंख्य गुलाम म्हणून नेले गेले. आपल्या भाषेने त्यांना 'बाजारबुणगे' म्हटले आणि पराभवाचा बराच बोजा त्यांच्याच माथी मारला. महादजी जायबंदी पायानिशी वाचले, १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. सरदारांच्या दौलतींना दुसरा डाव मिळाला. बुणग्यांना तो कल्पनेतही मिळाला नाही.

म्हणून या खेळाबद्दल आमचे मत असे : त्याचे नियम वाखाणण्याजोगे आहेत, त्याची कथा पळवाट काढणारी आहे. नातवंडांनी तो घरी आणल्यास आपणही अवश्य खेळावा. डाव संपल्यावर त्यांना एवढेच विचारावे, की या गावात राहणारे लोक कोठे गेले? तोच प्रश्न मग पानिपताच्या गप्पांतही विचारावा लागेल, आणि तो टाळण्याचा अधिकार आपल्याला नाही.