बी.ए.चे विषय कोण निवडतो?

ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाची मराठीतली पहिली खणखणीत चिकित्सा 1867-68च्या सुमारास झाली, आणि ती केली पुण्यातल्या एका विद्यार्थ्याने. नीलकंठ जनार्दन कीर्तने हे त्याचे नाव. डफचे पुस्तक 1826चे. चाळीस वर्षे ते जवळजवळ प्रमाणग्रंथासारखे मिरवत होते. कीर्तन्यांनी इंग्रजी ग्रंथ आणि आपल्याकडच्या बखरी, कागद यांची तुलना करून डफ कुठे अपुरा पडतो ते दाखवले. पुढे राजवाडे-खऱ्यांनी या क्षेत्रात डोंगर उभा केला, पण त्याची पायरी इथे आहे.

या कामाला तीन गोष्टी लागतात. इतिहासाची दृष्टी, मराठी गद्याचा कान आणि मोडी लिपी. चौथी इंग्रजी धरा. गंमत अशी की मुंबई विद्यापीठ 1857 साली निघाले, 1862 साली रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, आणि त्याच दशकात देशी भाषांना वरच्या परीक्षांतून निरोप मिळाला. संस्कृत राहिली, लॅटिन राहिली, मराठी गेली. तिला परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे अखेरपर्यंत झगडले आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती एम.ए.च्या दारातून आत आली. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासलेखनाचा पाया घातला जात होता तेव्हा त्याचे मुख्य हत्यार अभ्यासक्रमाबाहेर होते.

आता मराठी अभ्यासक्रमात आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी ती अभिजातही ठरली. तरीही माझा प्रश्न तोच आहे: इतिहास, मराठी साहित्य आणि मोडी या तीन गोष्टी एकाच विद्यार्थ्याच्या पदरात पडतील अशी पदवी आज कुठे मिळते?

कागदावर मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली अशी भरगच्च ताटे मांडली आहेत. तीन वर्षांना 132 श्रेयांक, चौथे वर्ष केले तर 176. मुख्य विषय इतिहास, दुय्यम मराठी, कौशल्य म्हणून मोडी. अशी जुळणी नियमात बसते. हा या रचनेतला खराच चांगला भाग आहे आणि धोरणाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी तो मान्य केला पाहिजे. जुन्या पद्धतीत मुंबई विद्यापीठात तिसऱ्या वर्षी सहा पेपर एकाच विषयाचे, नाहीतर तीन-तीन दोन विषयांचे घेता येत. त्या 'तीन अधिक तीन'ला लोक कमी प्रतीचे समजत. मला तोच प्रकार अधिक शहाणपणाचा वाटत आला आहे.

पण विद्यार्थी विद्यापीठाच्या परिपत्रकातून विषय निवडत नाही, कॉलेजच्या माहितीपत्रकातून निवडतो. तिथे छापलेले असतात विषयगट. हे गट ज्ञानाच्या नात्यावरून ठरत असतील असे वाटते. ते ठरतात वेळापत्रकावरून आणि 'वर्कलोड'वरून. मराठीचा आणि इतिहासाचा तास एकाच वेळी लागला की ती जोडी संपली. निवृत्त प्राध्यापकाची जागा भरली नाही की तासिका तत्त्वावर माणूस येतो, दोन वर्षांनी तोही येत नाही आणि विषय गटातून गळतो. पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून विषय बंद, आणि विषय बंद म्हणून विद्यार्थी नाहीत. तालुक्याच्या गावी हे चक्र फार लवकर फिरते. मग उरतात इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल. स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतात म्हणून. तत्त्वज्ञान तर कित्येक ठिकाणी आठवणीपुरतेच राहिले आहे.

'मराठी घेऊन काय करणार?' हा प्रश्न मुलांना घरी विचारला जातो. त्याचे एक उत्तर 2023 साली सरकारी कचेऱ्यांनी दिले. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. दप्तरे होती, शिक्के होते, नोंदी होत्या. वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. हजारो कुटुंबांचे दाखले ज्या कागदावर अवलंबून, तो कागद वाचायला राज्याच्या कला शाखेतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पदवीधरांपैकी फार थोडे उपयोगी पडले. पेशवे दप्तरातले रुमाल तर त्याहून पुढचे. मी स्वतः मोडी शिकलो ते सुट्टीतल्या वर्गात आणि पुढे जुन्या खतांच्या झेरॉक्स प्रतींवर डोळे ताणून. कोणत्याही पदवीचा त्यात हात नव्हता. माझ्यासारखे हौशी लोक दहा-वीस वर्षांत एखादे दप्तर कसेबसे वाचतात. त्यावर राज्याने विसंबून राहावे हे काही बरे नाही.

आणखी एक शंका. श्रेयांकांची विभागणी इतक्या टोपल्यांत झाली आहे की मोडी आली तरी ती दोन श्रेयांकांपुरतीच येण्याचा धोका आहे. पंधरा आठवड्यांत अक्षरे ओळखता येतात. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात. अर्थ लावायचा तर त्या काळची भाषा, मापे, महसुली शब्द, अगदी फारसी मायनेसुद्धा माहीत लागतात. म्हणजे लिपी कौशल्याच्या टोपलीत आणि भाषा दुय्यम विषयाच्या, असे ठेवून भागत नाही. दोन्हींचे शिक्षक एकत्र बसून एकच कागद शिकवतील तेव्हा काही होईल.

एकेका कॉलेजला हे जमणार नाही, हे मान्य. पण एका शहरातली तीन-चार कॉलेजे मिळून एक गट चालवू शकतात: एकीकडे इतिहासाचा प्राध्यापक, दुसरीकडे मराठीचा, शनिवारी मोडीचा वर्ग तिसरीकडे, आणि श्रेयांक सगळ्यांना मान्य. शैक्षणिक श्रेयांक पेढीची सोय यासाठीच आहे असे सांगितले जाते. त्यासाठी कुणीतरी आधी दोन कॉलेजांची वेळापत्रके एकाच टेबलावर ठेवायला हवीत.