एका माणसाचा बँड: मोजायचं काय, ऐकायचं काय

आज आपण बोलणार आहोत वन मॅन बँडबद्दल, म्हणजे एकच माणूस एकाच वेळी तीन-चार वाद्यं वाजवत गातो त्याबद्दल. संगीतसमीक्षेत हा विषय फारसा येत नाही, कारण आपण त्याला कसरत समजतो. १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’ चित्रपटात डिक व्हॅन डाइक अंगाखांद्यावर वाद्यं बांधून येतो तो सुरुवातीलाच, लोकांना हसवायला. ती प्रतिमा आपल्या डोक्यात पक्की बसलीय. मग प्रत्यक्ष असा कलाकार समोर आला की आपण काय करतो? वाद्यं मोजतो. पाच वाजवली तर वा, सात वाजवली तर वा वा! आमचं म्हणणं असं की हे मोजमापच चुकीचं आहे.

उदाहरण घेऊ जेसी फुलरचं. जन्म १८९६, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाला, पडेल ते कष्टाचं काम केलं. गाण्याकडे धंदा म्हणून वळला तेव्हा वयाची पन्नाशी उलटत होती. भरवशाचे साथीदार मिळेनात, म्हणून त्याने साथ स्वतःच करायचं ठरवलं. हातात बारा तारांची गिटार. गळ्यात अडकवलेल्या चौकटीत माउथऑर्गन आणि कझू. डाव्या पायाखाली झांजा. राहिला उजवा पाय. त्याच्यासाठी फुलरने स्वतः एक वाद्य बनवलं, फोटडेला. उभ्या पेटीवर सहा जाड तारा आणि खाली पायाने दाबायच्या पट्ट्या. पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते आणि खर्जाचा स्वर निघतो.

आता इथे थांबून विचार करा. सहा तारा म्हणजे सहाच स्वर. बोटाने दाबून स्वर बदलायची सोय नाही. म्हणजे फुलरने गाण्याला हवं ते वाद्य आणलं नाही, तर पायाला जे जमेल ते वाद्य घडवलं आणि गाणी त्यात बसवली. वन मॅन बँडचं खरं कौशल्य आम्हाला इथे दिसतं. अवयवाची मर्यादा ओळखून वाद्य ठरवायचं.

ही युक्ती जुनी आहे. युरोपात मध्ययुगापासून एकाच हाताने वाजवायची बासरी आहे. डाव्या हातात बासरी, त्याच हाताला लटकवलेला छोटा ढोल, उजव्या हातात टिपरी. त्या बासरीला भोकं तीनच. तीन कशी पुरतात? फुंकरीचा जोर वाढवला की तीच बोटं वरचे स्वर देतात. बास्क प्रदेशात हे वादन आजही चालतं.

आपल्याकडे बघा. बाऊल गायक एका हाताने एकतारा छेडतो, दुसऱ्या हाताने कमरेला बांधलेली डुग्गी वाजवतो, पायात घुंगरू. आपला वासुदेव घ्या. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, पायात घुंगरू, कमरेला खोचलेला पावा. पण पावा आणि गळा एकदम चालत नाही ना! तोंड एकच. फुलरचंही तेच, गाताना माउथऑर्गन गप्प. म्हणजे ‘सगळं एकाच वेळी’ हे पूर्ण खरं नसतं. कोण कधी थांबतं, यावर गाण्याचा बांधा ठरतो. ऐकायचं ते हे.

आता गुणदोष. मोठा गुण म्हणजे मोकळीक. ओळ लांबवावीशी वाटली, एखादी मात्रा खावीशी वाटली, तर सगळी साथ त्याच क्षणी सोबत येते, कारण साथीदार त्याच्याच अंगात आहेत. दोषही तिथेच. चौघांच्या बँडमध्ये एकजण दुसऱ्याला अडवतो, चकवतो, उत्तर देतो. स्वतःला स्वतः कसं चकवणार? म्हणून अशा गायकाची सलग दहा गाणी ऐकली की ठेका ओळखीचा होतो. फुलरचंही तसं होतं. ‘सॅन फ्रान्सिस्को बे ब्लूज’ हे त्याचं गाणं मात्र टिकलं, एरिक क्लॅप्टनने १९९२ मध्ये ते पुन्हा गायलं. गाणं चांगलं असलं की ते बनवणाऱ्याच्या यंत्राशिवायही उभं राहतं.

आणि लूपर? एड शीरनने २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये गिटार आणि लूप पेडल घेऊन एकट्याने सलग तीन रात्री कार्यक्रम केले. ही फसवणूक नव्हे, थर समोरच रचले जातात. पण पहिला थर एकदा रेकॉर्ड झाला की लय कुलूपबंद. मघाशी म्हटलेली मोकळीक गेली, दहा जणांचा आवाज मिळाला. सौदा आहे, आणि तो सौदा म्हणूनच जोखायला हवा.

शेवटी एक अवघड मुद्दा. फुलर एकटा झाला, कारण साथीदार मिळेनात. आज आपल्या लग्नाच्या हॉलमध्ये कीबोर्डवाला एकटा असतो, कारण ढोलकीवाल्याला आणि बासरीवाल्याला पैसे द्यायचे नसतात. दोन्हीकडे माणूस एकच दिसतो, पण एकाने उणीव भरून काढायला वाद्य घडवलं, दुसऱ्याच्या यंत्राने तिघांचं काम काढून घेतलं. त्या कीबोर्डवाल्याला आम्ही दोष देत नाही, त्यालाही घर चालवायचंय. पण टाळी वाजवताना आपण कशाला दाद देतोय, कलेला की काटकसरीला, एवढं श्रोत्यांनी तपासावं.

तेव्हा पुढच्या वेळी असा कलाकार भेटला की दोन मिनिटं डोळे मिटा. वाद्यं दिसेनाशी झाल्यावर गाणं उरतंय का, ते बघा. उरलं, तर डोळे उघडून टोपीत पैसे टाका, जरा जास्तच टाका.