बांधकाम-परवानगीच्या दप्तराचें परीक्षण

या त्रैमासिकांत जुन्या कागदांचें परीक्षण छापण्याचा प्रघात आहे. कागद अस्सल कीं नक्कल, अक्षर कोणाचें, शिक्का कोणता, मिति व वार जुळतात कीं नाहीं, इतकें पाहून मग आंतील मजकुराकडे वळावें, ही आपली रीत. आज आम्ही त्याच रीतीनें एका नव्या कागदाचें परीक्षण करणार आहों. पुण्यासारख्या शहरांत घर बांधण्यासाठीं महानगरपालिकेकडे जो अर्ज करावा लागतो आणि त्यावर जी परवानगी मिळते, तें सर्व दप्तर हा आमचा आजचा विषय होय. इतिहाससंशोधकास त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. दोनशें वर्षांनंतर जो कोणी पुण्याच्या पेठांचा इतिहास लिहील, त्याला आजच्या काळाचें मुख्य साधन म्हणून हेंच दप्तर पाहावें लागेल. आणि पूर्वकालाचें जें साधन अद्यापि वाड्यावाड्यांतून पडून आहे, तें राहणार कीं जाणार, हेंही पुष्कळ अंशीं ह्याच दप्तरावर अवलंबून आहे.

घर बांधतांना शेजाऱ्याचा व रस्त्याचा विचार करावा, हा नियम इंग्रजांनीं आणिला अशी समजूत कोठें कोठें आढळते. ती बरोबर नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तिसऱ्या अधिकरणांत गृहवास्तूचें स्वतंत्र प्रकरण आहे. दोन घरांमध्यें अंतर ठेवावें, सांडपाण्याची वाट कशी काढावी, खिडक्यादारांनीं शेजाऱ्यास उपद्रव होऊं नये, आणि हे नियम मोडणारास दंड काय, याचा विचार तेथें केला आहे. शेजाऱ्यांनीं आपसांत मिळून कांहीं ठरविल्यास तशी मुभाही ठेविली आहे. ह्या ग्रंथाचें नांव पंडितांस ठाऊक होतें, परंतु ग्रंथ हातीं नव्हता. तंजावराकडील एका पंडितानें आपल्याजवळील पोथी म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयांत दिली आणि शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं मूळ संहिता छापून प्रसिद्ध केली, तेव्हां हे नियम जगापुढें आले. एक पोथी घरांतून ग्रंथालयांत गेली नसती तर आपल्या पूर्वजांना नगररचना ठाऊकच नव्हती, असें आपणच आज म्हणत बसलों असतों.

पेशवाईंत पेठ वसविण्याची रीत कौलाची होती. पेठ वसविणारास शेटेपणाचा किंवा महाजनकीचा हक्क मिळे. नव्यानें येऊन राहणारांस कांहीं वर्षें कर माफ असे. घरासाठीं जागा नेमून दिली जाई. उत्तर पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे तंटे आणि जागांच्या खरेदीविक्रीचें काम असे. ह्या व्यवहाराचे कागद पाहणारास एक गोष्ट विशेष जाणवते. जागेची ओळख चतुःसीमेनें दिलेली असते. पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस अमक्याची भिंत, पश्चिमेस गल्ली, उत्तरेस देवालय. एका घराचा कागद वाचला म्हणजे शेजारचीं तीन घरें आपोआप कळतात. पेठेंतील वस्तीचे नकाशे संशोधकांनीं जोडीत आणिले, ते ह्याच धाग्यानें.

आतां आजच्या दप्तराचें बहिरंग पाहूं. मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा १९१५ सालीं झाला. पुढें १९५४ च्या कायद्यानें विकास-योजना करणें नगरसंस्थांवर बंधनकारक झालें. आणि सध्यां चालू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्याच्या ४४ व्या कलमान्वयें अर्ज करावयाचा, ४५ व्या कलमान्वयें तो मंजूर किंवा नामंजूर व्हावयाचा. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास, प्रस्ताव नियमांस धरून असेल तर, परवानगी मिळाली असें समजावें, अशी तरतूद आहे. परवानगीची मुदत एक वर्ष. ती वर्षावर्षानें वाढवून घेतां येते, परंतु ही वाढ तीन वर्षांपलीकडे जात नाहीं. बारीक नियमांसाठीं २०२० च्या डिसेंबरांत मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे; ती मुंबई व आणखी कांहीं क्षेत्रें वगळून राज्यांतील बहुतेक नगरांस लागू आहे. अर्जासोबत मिळकत-पत्रिका, मोजणीचा नकाशा व वास्तुविशारदानें काढलेले नकाशे जोडावयाचे. त्यांची छाननी व्हावयाची. शुल्क भरल्यावर प्रारंभ-प्रमाणपत्र, मग जोत्याची तपासणी आणि शेवटीं भोगवटा-प्रमाणपत्र. बहिरंगांत दोष काढण्यासारखें फार थोडें आहे. तारीख, सही, क्रमांक, क्षेत्र, सर्व जागच्या जागीं आहे. पेशवाईंतील कारकुनास क्षेत्रफळाचा इतका चोख हिशेब पाहून आनंदच वाटला असता.

अंतरंगाकडे वळलें म्हणजे मात्र निराशा होते. नकाशांत रंगांची एक परिभाषा आहे. नवें बांधकाम तांबड्या रंगानें भरावयाचें आणि जें पाडावयाचें तें पिवळ्या तिरप्या रेघांनीं दाखवावयाचें. तांबड्या भागाविषयीं हें दप्तर सर्व कांहीं विचारतें : उंची किती, जिना किती रुंद, गाड्यांस जागा किती, पावसाचें पाणी कोठें जिरणार. पिवळ्या भागाविषयीं काय विचारतें? फक्त त्याची बाह्यरेषा. त्या रेघांखालीं दोन चौकांचा सागवानी वाडा आहे कीं परवां उभारलेली पत्र्याची शेड आहे, हें नकाशावरून कळत नाहीं. घर कोणीं व केव्हां बांधलें, तुळईवर किंवा गणेशपट्टीवर कांहीं कोरलेलें आहे काय, माळ्यावर दप्तर आहे काय, यांपैकीं एकही प्रश्न अर्जांत नाहीं. शेजाऱ्यांचीं नांवें जाऊन तेथें सर्व्हे-नंबर आले आहेत. चौरस मीटर दोन दशांशांपर्यंत कळतात. तेथें कोण राहत होतें, हें कळत नाहीं.

ही उणीव केवळ तर्कानें दाखवीत नाहीं. दक्षिण महाराष्ट्रांतील एका नगरांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा वडिलोपार्जित वाडा होता. परवानगी मिळाली आहे, आपण एकदां येऊन माळ्यावरचे रुमाल पाहावे, असें त्यानें आम्हांस भाद्रपदांत लिहिलें. दिवाळीनंतर जाऊं, असें आम्हीं ठरविलें. गेलों तेव्हां तुळया उतरवून झाल्या होत्या आणि रुमाल रद्दीच्या गाडींतून गेले होते. मातेऱ्यांत मोडीचे सात कागद हातीं लागले. त्यांपैकीं एक घराच्या खरेदीखताची नक्कल. अर्धा भाग वाळवीनें खाल्लेला, चतुःसीमेंतील पूर्व आणि दक्षिण शाबूत, पश्चिम आणि उत्तर नाहींशी. आम्हीं त्या नगराच्या कार्यालयांत जाऊन दप्तर पाहिलें. तेथील मनुष्य सौजन्यानें वागला, सर्व नकाशे त्यानें दाखविले. नकाशावर पिवळ्या रेघा अगदीं नियमाप्रमाणें होत्या. कोणाचाही नियमभंग झाला नव्हता. दोष द्यावयाचा तर पहिला आमच्या दिवाळीला द्यावा लागेल.

येथें शब्दार्थाचा एक मुद्दा आहे. विकास म्हणजे उमलणें. कळी फुलते त्या क्रियेचें हें नांव. १९६६ च्या अधिनियमांत विकासाची व्याख्या दिली आहे, तींत बांधणें तर आहेच, परंतु असलेली इमारत पाडणें हेंही आहे. कळी खुडण्यास उमलणें म्हणावें, हें पाहून आम्हां संस्कृत शिकलेल्यांस प्रथम हंसूं आलें. मग विचार करितां दिसून आलें कीं, ह्या विचित्र व्याख्येंतच आमची सोय आहे. पाडणें हा विकास ठरला म्हणूनच पाडण्यास परवानगी लागते. आणि ज्या दारावर परवानगी मागावी लागते त्या दारावर एक प्रश्न विचारतां येतो. तो प्रश्न तेथें आजवर कोणीं लिहिला नाहीं, इतकेंच.

कोणी म्हणेल, वारसा-वास्तूंची यादी आहे, श्रेणी आहेत, मग आणखी काय पाहिजे? यादी आहे हें खरें. परंतु यादींतील वाडे मोजके आणि यादीबाहेरचे पुष्कळ. शिवाय यादी वास्तूकडे पाहते, वास्तूच्या पोटांतील कागदांकडे पाहत नाहीं. केंद्र-संरक्षित स्मारकाभोंवतीं शंभर मीटरांत नवें बांधकाम मना आणि त्यापुढील दोनशें मीटरांत परवानगीनें, असा २०१० सालचा कायदा आहे. शनिवारवाडा अशा स्मारकांपैकीं आहे. ह्या नियमानें स्मारकाचें रक्षण होतें. भोंवतालच्या वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरांस त्याचा आधार नाहीं. दुसरीकडे १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें पंचाहत्तर वर्षांहून जुनें, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्याचें हस्तलिखित पुरावस्तूंत गणिलें आहे. म्हणजे एक कायदा पोथीला ओळखतो, दुसरा घराला ओळखतो. परंतु पोथी घरांत असते, ही गोष्ट दोघांच्याही दप्तरीं दाखल नाहीं.

पूर्वपक्ष असा येईल कीं, पडक्या वाड्यांत भाडेकरू जीव मुठींत धरून राहतात. पावसाळ्यापूर्वीं धोक्याच्या नोटिसा लागतात. अशा वेळीं तुमच्या कागदांसाठीं माणसांना खोळंबून ठेवावें काय? मुळींच नाहीं. माणसाच्या डोक्यावर भिंत पडण्यापेक्षां रुमाल गेलेला बरा, हें आम्हीही म्हणतों. वाडे पाडूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. मालकांवर आधींच कागदांचें ओझें आहे, हेंही खरें. म्हणून आमची मागणी अगदीं लहान आहे.

पाडण्याचा ज्यांत समावेश आहे अशा अर्जास एक पान अधिक जोडावें. त्यांत चार गोष्टी असाव्या : घर अंदाजें किती जुनें, चारी बाजूंचे सध्यांचे शेजारी कोण, कोरीव लेख किंवा चित्रें असल्यास त्यांचीं छायाचित्रें, आणि जुने कागद किंवा पोथ्या आहेत काय, होय अथवा नाहीं. होय असें उत्तर आल्यास जवळच्या संशोधनसंस्थेस किंवा पुराभिलेखागारास तसें कळवावें. साठ दिवसांची मुदत आहेच. तिच्या आंत येऊन पाहणें हें संस्थेचें काम. ती न आल्यास मालकाचें काम अडूं नये. कागद मालकाचेच राहावे, संस्थेनें प्रतिमा घेऊन ते परत करावे. जप्तीची धास्ती बसली तर उत्तर नेहमीं नाहीं असेंच येईल, आणि रुमाल रात्रींतून नाहींसे होतील. दुसरें असें कीं, आतां अर्ज व नकाशे संगणकांतून जातात. अडीचशें वर्षांपूर्वींचा हातकागद आपण आज वाचतों. आजची संगणकांतील आकृति अडीचशें वर्षांनीं कोण व कशानें उघडील, हें सांगवत नाहीं. म्हणून निदान ह्या एका पानाची चांगल्या कागदावर छापलेली प्रत पुराभिलेखागारांत राहावी.

शेवटीं आपल्याच मंडळींस दोन शब्द. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला, तो कोणाच्या नोटिशीची वाट पाहून नव्हे. ते स्वतः वाड्यावाड्यांतून हिंडले. आपण संग्राहक मात्र कागद घरीं आल्यावर तो दाखविण्यासही कां कूं करितों, आणि वाडा पडल्यावर हळहळतों. नगरपालिकेनें एक पान वाढवावें अशी मागणी करणारांनीं आपल्या संग्रहाची यादीही प्रसिद्ध केली पाहिजे; त्यावांचून मागणीस वजन येणार नाहीं. आमच्याजवळील सात कागदांची यादी व लिप्यंतर आम्हीं संस्थेकडे पाठविलें आहे. पूर्वेकडील व दक्षिणेकडील शेजाऱ्यांचीं नांवें तींत आहेत. पश्चिम व उत्तर बाजू दाखविणारा कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं कळवावें, अशी विनंति आहे.